नकाशाचे रंग आणि जमिनीचा भाव
(म्हसवड येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माणदेशच्या जमिनीला जोवर भाव नव्हता, तोवर सरकारी नकाशात तिच्यावर कोणता रंग चढला आहे, याची चौकशी कोणी केली नाही. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि तोही बेभरवशाचा पाऊस, मेंढरे, घोंगडी व सिद्धनाथाची यात्रा यांच्या आधारे तगलेली बाजारपेठ, आणि पोटासाठी मुंबईची किंवा गलाईच्या धंद्याची वाट धरणारी तरुण पिढी, हे या मुलखाचे पिढ्यान् पिढ्यांचे चित्र. जमीन विकायला काढली, तरी घेणारा मिळत नसे. आज स्थिती पालटते आहे. जिहे-कठापूर येथे कृष्णेचे पाणी उचलून ते खटाव-माणकडे नेणाऱ्या योजनेला खटावचे सुपुत्र गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार यांचे नाव दिले गेले आहे. तिचे पाणी माण तालुक्यापर्यंत आले. साताऱ्याहून म्हसवड, टेंभुर्णीमार्गे लातूरकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. बंगळूर-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये म्हसवड-धुळदेव परिसरात हजारो एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आहे. तो केव्हा आणि कितपत साकार होईल, हा निराळा विषय. परंतु जमिनीचा भाव कारखाना उभा राहण्याची वाट पाहत नाही. बातमी छापून आली की तो चढतो.

अशा वेळी गावाच्या जमिनीचा उपयोग कोणी ठरवावा? नगररचनेच्या नियमांनी, की बाजारातील मागणीने? या प्रश्नाचे उत्तर बहुधा पक्ष घेऊन दिले जाते. नियमांचा कैवारी म्हणतो, आराखडा पवित्र आहे. बांधकाम व्यावसायिक म्हणतो, ज्याला जे हवे ते बांधू द्या. दोघांच्याही म्हणण्याप्रमाणे चालून पाहिलेली गावे सातारा-सांगलीच्या मुलखातच आहेत. त्यांची कहाणी म्हसवडला वेळेवर कळणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगावी लागेल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. जानेवारी १९६७ पासून तो लागू आहे. त्यानुसार प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावयाची असते आणि वीस वर्षांतून किमान एकदा तिचे पुनर्विलोकन करावयाचे असते. या योजनेच्या नकाशात पिवळा रंग निवासी वापराचा, हिरवा शेतीचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा. शाळा, बाजार, उद्यान, दवाखाना, रस्ते यांसाठी भूखंड आरक्षित केले जातात. रचना तर्कशुद्ध आहे. कातडी कमावण्याचा कारखाना शाळेला खेटून नसावा, जड वाहनांची वखार अरुंद गल्लीत नसावी, यात कोणाचे दुमत असणार? भारतीय परंपरेलाही हा विचार परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कोणत्या दिशेला कोणाची वस्ती व कोणता व्यवहार असावा, याचे एक सबंध प्रकरण आहे.

अडचण वेगळीच आहे. नकाशा वीस वर्षांसाठी काढला जातो; भाव सहा महिन्यांत बदलतो. नकाशा काढणाऱ्याने पुढील वीस वर्षांत किती कुटुंबे येतील, याचा अंदाज बांधून पिवळा रंग भरलेला असतो. अंदाज तोकडा ठरला, की पिवळ्या पट्ट्यातील गुंठ्याचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातो आणि त्याला लागूनच असलेल्या हिरव्या पट्ट्यातील गुंठा स्वस्त राहतो. दोन शेजारी शेतांत मातीचा फरक नसतो, पाण्याचा नसतो, फरक केवळ रंगाचा असतो. त्या फरकातूनच दलाल जन्माला येतो.

गुंठेवारीचा जन्म असा झाला. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. हमाल, यंत्रमाग कामगार, एस.टी.चा वाहक, प्राथमिक शिक्षक अशा माणसाला दोन खोल्या बांधण्यापुरती जागा हवी असते. अधिकृत ले-आऊटमधील भूखंड त्याला परवडत नाही. शेताचा तुकडा विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र कमी करून जिरायतीस २० व बागायतीस १० गुंठे केले गेले, तरी घरापुरत्या एक-दोन गुंठ्यांची खरेदी त्यात बसत नाही. मग साठेखत, नोटरी, मुखत्यारपत्र अशा कागदांवर व्यवहार होतो. पैसे खरे, घर खरे, राहणारी माणसे खरी. सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नाही. बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवण्याजोगा कागद नाही. नगरपालिका गटार देत नाही, कारण तिच्या लेखी ती वस्तीच अस्तित्वात नाही.

सांगली-मिरज-कुपवाड परिसरात अशा वसाहतींनी उपनगरेच्या उपनगरे व्यापली. अखेर २००१ मध्ये राज्याला गुंठेवारी नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. २०२५ मध्ये तुकडेबंदीतही नागरी क्षेत्रापुरती मोठी सूट देऊन जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला गेला. ज्यांची हयात अशा घरांत गेली, त्यांना हा दिलासा मिळालाच पाहिजे. तथापि प्रत्येक नियमितीकरणाबरोबर पुढच्या दलालाला एक संदेश जातो, की आज प्लॉट पाडा, उद्या सरकार पदरात घेईल. मागणीकडे पाठ फिरवणाऱ्या नियमाची अशी गत होते. तो पाळला जात नाही, आणि मोडणारा मात्र गरीबच ठरतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. बाजाराला सारे कळते, असे मानणाऱ्यांनी सांगलीचा कृष्णाकाठ पाहावा. नदीकाठची सखल जमीन स्वस्त होती, शहराला जवळ होती, मागणीही भरपूर होती. पूर दर वर्षी येत नाही, म्हणून घेणाऱ्याला जोखीम दिसत नाही आणि विकणाऱ्याला ती सांगण्याचे कारण नसते. नाल्यांची रुंदी घटली, पाणी पसरण्याच्या जागांवर भराव पडले. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी हिशेब चुकता केला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी पूररेषा असते, ती साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा बाजारभावात उमटत नाहीत. पुराच्या आदल्या दिवसापर्यंत निळ्या रेषेच्या आतील प्लॉटला गिऱ्हाईक असते.

म्हसवडकरांना वाटेल, दुष्काळी माणला पुराची भीती कशाला? खरा धोका येथेच आहे. ज्या मुलखात ओढा पाच-पाच वर्षे वाहत नाही, तेथे तो ओढा होता हेच लोक विसरतात. पुण्यातील आंबील ओढा वर्षातील बहुतेक काळ गटारासारखा वाहणारा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने काठच्या वस्त्यांतील माणसे, जनावरे आणि वाहने ओढून नेली. माणगंगेच्या पात्रात सिद्धनाथाच्या यात्रेची दुकाने लागतात, इतके ते कोरडे राहते. नदीचे पात्र मोकळे राहिले ते यात्रेच्या पुण्याईने, असेच म्हणावे लागेल. गावाबाहेरच्या लहान ओढ्यांना मात्र यात्रा नाही. त्यांच्यावर प्लॉटच्या चुनखडीच्या रेघा पडायला वेळ लागत नाही.

मग मार्ग कोणता? तो शोधताना इतिहासातील काही दाखले उपयोगी पडतील. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या, त्या केवळ हुकमाने वसल्या नाहीत. पेठ कोठे असावी, हे राज्यकर्ते ठरवत. शेटे-महाजनांना वसाहतीचा अधिकार देत. आणि येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्यांना ठरावीक वर्षांच्या करमाफीचा कौल देत. जागा राज्याची योजना, वस्ती व्यापाऱ्याची गरज. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. १९१७ मध्ये रेल्वेच्या काठी जयसिंगपूर वसवले. आजही जयसिंगपुरात गेल्यास गल्ल्या सरळ आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या आढळतात. जेथे रेल्वे आली आणि माल उतरणार हे स्पष्ट दिसले, तेथे महाराजांनी व्यापाऱ्यांच्या आधी रस्ते आखले. शंभर वर्षांनंतरही त्या रस्त्यांवर नगररचनाकाराला फारसे काही दुरुस्त करावे लागलेले नाही.

या दाखल्यांत आणि आजच्या आराखड्यांत एक मूलभूत अंतर आहे. आजचा आराखडा जमिनीवर रंग चढवतो, रस्ता प्रत्यक्ष उघडत नाही. शाळेचे आरक्षण टाकतो, त्या जमिनीची किंमत देत नाही. परिणामी ज्या शेतकऱ्याच्या गटावर आरक्षण पडले, त्याची अवस्था मोठी विचित्र होते. विकता येत नाही, बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही आणि शेजाऱ्याचा गट पिवळ्या पट्ट्यात असल्याने तो लखपती झालेला असतो. कायद्याच्या कलम १२७ अन्वये दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा, आता चोवीस. वाढत जाणारा हा आकडाच नगरपालिकांच्या रित्या तिजोरीची साक्ष देतो. २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यानुसार नागरी भागात बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. क वर्गाच्या नगरपरिषदेला हे झेपणारे नाही. गावाला बाग मिळत नाही आणि शेतकऱ्याची दहा-बारा वर्षे वाया जातात.

मुंबईने १९९१ मध्ये यावर हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे टीडीआरचा तोडगा काढला. आरक्षणाची जमीन द्या, मोबदल्यात तेवढे बांधकाम अन्यत्र करण्याचा हक्क घ्या. मुंबईत तो चालला, कारण तेथे हवेतील प्रत्येक चौरस फुटाला गिऱ्हाईक आहे. म्हसवडमध्ये ज्याच्याजवळ भूखंड आहे, त्याचा मंजूर चटई क्षेत्र निर्देशांकच पुरता वापरला जात नाही. तो दुसऱ्याचा हक्क विकत का घेईल? डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यामुळे लहान घरांचे काम सोपे झाले, हे मान्य केले पाहिजे. मंजूर ले-आऊटमधील १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, ३०० पर्यंत दहा दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. परंतु मुंबईसारखे थोडे अपवाद सोडता पुण्यापासून म्हसवडपर्यंत सर्वांना एकच पुस्तक लावताना मोठ्या शहरांची औषधे लहान गावाच्या गळी उतरवली जातात, ही त्यातील उणीव होय. आणि त्या सवलतीचा लाभ घ्यायचा तर मुळात मंजूर ले-आऊट हवा. तो नसेल तर नियमावली कितीही उदार असली, तरी गुंठेवाला बाहेरच राहतो.

लहान गावाला मानवेल असा उपाय जुनाच आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातील पहिला. त्यातील नगररचना परियोजनेची कल्पना अशी, की संपादन करू नये. सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र कराव्यात, त्यातून रस्ते, शाळा, मैदान, गरिबांच्या घरांची जागा काढावी आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे चौकोनी, रस्त्यालगतच्या भूखंडाच्या रूपाने परत द्यावी. क्षेत्र घटते, मोल वाढते. तोटा एकाच्या माथी पडत नाही, लाभही एकाच्या घरात जात नाही. मुंबईचे विलेपार्ले-सांताक्रूझ आणि पुण्याचा भांबुर्डा परिसर अशाच परियोजनांतून घडला. पुढे महाराष्ट्राने हा मार्ग जवळजवळ टाकून दिला. गुजरातने तो धरून ठेवला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेले भुजचे जुने शहर या पद्धतीने पुन्हा उभे राहिले. तेथे अगदी लहान भूखंडातून काहीही कापले गेले नाही, आणि भूखंड जितका मोठा तितकी कपात अधिक ठेवली गेली. न्यायाची ही साधी पायरी लोकांना पटली, म्हणून ते काम तडीस गेले.

पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्यात सरकारी परियोजनेविनाही हे घडले. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि बिल्डरला न विकता स्वतःच कंपनीचे भागधारक होऊन नगर उभारले. बाजाराची मागणी त्यांनी ओळखली, आणि तिचा नफा गावातच ठेवला. अर्थात प्रत्येक गावाला पुण्याचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र शेजारी लाभत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तसेच परियोजना म्हटली की सर्व सुरळीत होते, असेही नाही. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, ज्याला 'नैना' म्हणतात, तेथील शेतकऱ्यांनी मालकाच्या वाट्याला फार थोडे उरते म्हणून दीर्घकाळ विरोध केला आहे. किती टक्के कपात आणि किती वर्षांत रस्ता, हे दोन आकडे आधी लेखी ठरले नाहीत, तर शेतकरी विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवू नये.

मागणी या शब्दाचीही थोडी चिकित्सा आवश्यक आहे. महामार्गालगतचे गट घेऊन कुंपण घालून ठेवणारा पुण्या-मुंबईचा गुंतवणूकदार, हीदेखील मागणीच. कारखान्यात येणाऱ्या कामगाराला कामाजवळ भाड्याच्या दोन खोल्या हव्या असतात, तीही मागणी. पहिली बाजारात मोठ्याने बोलते, दुसरीचा आवाज नसतो. हिंजवडीत उद्यानाच्या आत रुंद रस्ते आखले गेले, आणि तेथे काम करणारे लाखभर लोक कोठे राहतील, याचा विचार शेजारच्या ग्रामपंचायतींवर सोडला गेला. त्याचे फळ रोज सकाळी वाकडच्या चौकात दिसते. म्हसवड-धुळदेव येथे उद्योग आलेच, तर औद्योगिक क्षेत्राच्या नकाशाबरोबर कामगारवस्तीचा नकाशाही त्याच दिवशी व्हावयास हवा. तो नंतर केला, तर तोवर दलालांनी तो काढलेला असेल.

गावाच्या नकाशात काही गोष्टी भावाच्या बाहेर ठेवाव्या लागतील. माणगंगेचे पात्र व ओढ्यांची मूळ रुंदी ही पहिली. सिद्धनाथाच्या रथाची वाट ही दुसरी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो, तेव्हा त्याच्या उंची-रुंदीला जेवढी मोकळी जागा लागते, तेवढी कोणत्याही मजल्याने, सज्ज्याने वा विजेच्या तारेने अडवू नये. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळी कामांतून बांधलेला राजेवाडीचा तलाव म्हसवडच्या खालच्या अंगाला आहे. गाव वाढले, गटारे वाढली आणि मैलापाण्याच्या शुद्धीकरणाची जागा नकाशात नसली, तर ते सारे पाणी आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या ओंजळीत जाईल. आठवडी बाजाराचे मैदान चौथे. रस्त्याकडेला असलेल्या मैदानावर व्यापारी संकुल उभारण्याचा मोह नगरपालिकांना फार असतो. गाळ्यांचा लिलाव होतो, आणि टोपलीभर भाजी वा दोन घोंगड्या घेऊन येणारी बाई गाळ्यात मावत नाही. जेथे माणदेशी महिलांनी १९९७ मध्ये स्वतःची सहकारी बँक उभारून अशाच लहान विक्रेत्या स्त्रियांना पत मिळवून दिली, त्या गावाला हे वेगळे सांगावयास नको.

उरलेल्या जमिनीबाबत नियम सैल असला, तरी बिघडत नाही. गावठाणात खाली दुकान व वर घर ही रीत पूर्वापार आहे; तिला निवासी की व्यापारी, असे विचारण्यात अर्थ नाही. हिरव्या पट्ट्याचे पिवळ्यात रूपांतर करावे लागेल, हेही गृहीत धरावे. मात्र ते कलम ३७ खाली एकेका गटाच्या अर्जावर होऊ नये. एक गट बदलला, की शेजारचा अर्ज तयार असतो आणि मंत्रालयाच्या फेऱ्या ज्याला परवडतात, त्याचाच रंग बदलतो. त्याऐवजी गावठाणालगतची, पाणी व गटार नेता येईल अशी शंभर-दीडशे एकर जमीन एका परियोजनेत घ्यावी, तीत एक व दोन गुंठ्यांचे भूखंड पुरेशा संख्येने ठेवावेत, आणि ती बहुतांशी भरल्यावरच पुढची उघडावी. अधिकृत गुंठा मुबलक झाला की अनधिकृत गुंठ्याचे गिऱ्हाईक आपोआप घटते. पोलीस बंदोबस्तात घरे पाडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

यात नगरपालिकेइतकीच नागरिकांचीही जबाबदारी आहे. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, की हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत असते. बहुतेक गावांत या मुदतीत येणाऱ्या हरकती एकाच प्रकारच्या असतात, 'माझ्या गटावरील आरक्षण उठवावे.' ओढ्याची रुंदी नकाशात कमी दाखवली आहे, पाणंद रस्ता गायब आहे, बाजारतळाला वाहनतळ म्हटले आहे, अशी हरकत क्वचितच येते. कारण त्यात कोणा एकाचे नुकसान नसते. नकाशा नगरपालिकेत लावला जाईल, तेव्हा प्रत्येक प्रभागातील चार-सहा जाणत्या माणसांनी जुना गाव नकाशा व गटबुक सोबत घेऊन जावे, तलाठ्याकडील नोंदींशी ओढे-नाले ताडून पाहावेत आणि वृद्ध मेंढपाळांना विचारावे, की मोठ्या पावसात पाणी कोठवर आले होते. प्लॉट घेणाऱ्याने गट क्रमांक, झोनचा दाखला आणि मंजूर ले-आऊटची प्रत या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. दाखला नगरपालिकेत अर्ज करून मिळतो, आणि त्याचे शुल्क एका गुंठ्याच्या भावापुढे काहीच नाही.